पाकिटाबाहेरचा ठिपका

आमच्या गटात खोटे ग्रह तयार करण्याचं काम माझ्याकडे आहे. पंधरा वर्षं मी ते इमानेइतबारे करते आहे. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा जपून बघू लागतो. आईला मात्र त्यात काही नवल वाटत नाही. "सातवीत प्रगतिपुस्तकावर माझी सही ठोकली होतीस, तेव्हाच मी ओळखलं होतं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. ती सही तिचीच होती, असं मी गेली चाळीस वर्षं सांगत आले आहे. हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

खोटे ग्रह कशाला लागतात ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही ज्या ताऱ्याचा अभ्यास करतो तो अगदी तान्हा आहे. वय वीस लाख वर्षं, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात अजून दुपटं ओलं करणारा. त्याच्याभोवती धूळ आणि वायू यांची एक मोठी तबकडी फिरते आहे. याच धुळीचे कण एकमेकांना चिकटत चिकटत कधीतरी ग्रह होतात. आमच्या ताऱ्याच्या तबकडीत एक काळी गोल फट आहे. एखादा नवा ग्रह तिथे फिरत असावा आणि वाटेतली धूळ झाडून काढत असावा, असा सगळ्यांचा अंदाज. पण तो ग्रह प्रत्यक्ष बघायचा म्हणजे आधी ताऱ्याचा उजेड फोटोतून पुसून काढावा लागतो. तो कितीही पुसला तरी मागे डाग उरतातच, आणि टक लावून बघत बसलं की त्या डागांत माणसाला हवं ते दिसायला लागतं. एका उन्हाळ्यात मला त्यात आमचा दूधवाला दिसला होता.

म्हणून आमच्या गटाचे प्रमुख असलेल्या सरांनी एक रीत घालून दिली. फोटोंच्या एका प्रतीत मी गुपचूप दोनतीन खोटे ग्रह टाकायचे, म्हणजे पाहिजे तेवढ्या उजेडाचे ठिपके, आणि त्यांच्या जागा कागदावर लिहून तो कागद पाकिटात बंद करायचा. चिकटपट्टीवर तिघांच्या सह्या, आणि पाकीट सरांच्या कपाटात. मग बाकीच्यांनी शोधायचं. सगळ्यांनी आपापले ठिपके लिहून दिले की पाकीट उघडायचं. माझे ठिपके सापडले तर डोळे शाबूत आहेत असं समजायचं. ठिपके न टाकलेला, मूळचा स्वच्छ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेला असतो. त्यात जो ठिपका उरेल, तो खरा.

गेल्या वर्षी पाकीट उघडलं तेव्हा कागदावर तीन ठिपके होते. मुंगीने चार शोधले होते.

मुंगी म्हणजे आमची पीएचडीची विद्यार्थिनी. तिचं अक्षर इतकं बारीक की वहीच्या एका पानात ती तीन पानांचं गणित बसवते, म्हणून मी ठेवलेलं हे नाव. ती चिडत नाही, उलट पत्राखाली मुंगी अशीच सही करते. तर मुंगीचे चार. लगेच स्वच्छ फोटो काढून बघितला. माझे तीन गायब आणि चौथा जागच्या जागी, फटीच्या मधोमध, घड्याळात चार वाजतात त्या ठिकाणी. सर खुर्चीतून उठले आणि परत बसले. तीस वर्षं ते या ताऱ्याच्या मागे होते. निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांना ग्रह सापडला होता. त्या दिवशी त्यांनी मला हात जोडले, आणि मीही मोठ्या मनाने ते स्वीकारले.

त्यानंतर दुर्बिणीवर दुसऱ्यांदा वेळ मिळाला तेव्हा तिन्ही रात्री ढग होते. पुढची वेळ दीड वर्षानंतरची. तोवर थांबणं कुणालाच शक्य नव्हतं. शोधनिबंध तयार झाला. सरांचं जाहीर व्याख्यान या शुक्रवारी ठरलं. नंतर मुंगीचा प्रबंध, ज्याचा निम्मा भाग त्या ग्रहावर उभा.

आणि सोमवारी मुंगी माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, एक विचारू? रागावणार नसाल तर."

असं विचारलं की मी आधीच रागावते.

"तो ठिपका आहे त्यापेक्षा कमी उजेडाचा असू शकतो का? म्हणजे पुसताना काही जास्तीचं... कुठे काही चूक..."

"माझ्याकडून?"

"तसं नाही, पण..."

"मुंगी, मी हे काम करायला लागले तेव्हा तू पाटी चाटत होतीस. माझ्याकडून अशा चुका होत नाहीत. तुझं गणित जुळत नसेल तर गणित बघ."

ती बरं म्हणाली आणि गेली. जाताना ती डबा तिथेच टेबलावर विसरली. मी उघडून बघितला तर अर्धा तसाच. त्या वर्षात तिचे डबे असेच अर्धे परत जात होते. मला वाटायचं, प्रबंध लिहिणारी पोरं अशीच सुकतात, मीही सुकले होते. हे वाटणंही किती सोयीचं असतं!

बुधवारी आईला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. गेल्या वर्षी पडदा काढायला ती स्टुलावर चढली आणि मनगट मोडून घेतलं. आता हात बरा होता, शेवटची तपासणी तेवढी उरली होती. डॉक्टर नवे होते. तरुण, हसतमुख, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं विचारणारे.

"कशा पडलात, आजी?"

आईला एवढंच हवं असतं. तिने पडदा, स्टूल, स्टुलाचा तो मेला पाय, सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"घरी कुणी नव्हतं?"

"कोण असणार! ही ऑफिसात. जमिनीवरून सरपटत जाऊन फोन लावला तिला. म्हटलं, अगं, हात मोडला. तर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, 'थांब आई, एकच ठिपका टाकते आणि आले.' मी इथे आडवी आणि ही तिथे ठिपका टाकतेय!"

डॉक्टर मोठ्याने हसले. मीही हसले. ही तक्रार मी वर्षभरात निदान पन्नास वेळा ऐकली होती. पण त्या दिवशी, का कोण जाणे, हसता हसता एक शब्द कानाला खटकला.

एकच.

पाकिटात तीन होते. आणि ते तीन मी आई पडली त्या दिवशी टाकलेच नव्हते. तिचा हात प्लास्टरमध्ये बसवून, चार दिवस घरी काढून मी परत कामावर गेले, तेव्हा टाकले. ते मला पक्कं आठवत होतं, कारण पाकिटावर तारीख घालताना मी आधी चुकीचा वार लिहिला होता. मग त्या दिवशी, फोन कानाला लावून, मी जो एकच ठिपका टाकत होते, तो कुठला?

नवा प्रोग्राम नीट चालतो का ते बघायला मी आधी नेहमी एक ठिपका टाकून बघते. भाजीत मीठ बघावं तसं. बघायचं आणि पुसून टाकायचं. त्या दिवशी पुसला होता का? आठवेना. आणि टाकला होता कुठल्या फोल्डरमध्ये? प्रतीच्या की स्वच्छ? त्या क्षणी आई जमिनीवर होती, फोन माझ्या कानाला होता, फोल्डरचं नाव बदललं होतं की नाही हे देवालाच ठाऊक.

"काय गं, पांढरी का पडलीस?" आई म्हणाली.

"काही नाही. तू म्हणतेस ते खरंय. मी ठिपका टाकायला नको होता."

आईने डॉक्टरांकडे विजयी मुद्रेने बघितलं. वर्षभराने का होईना, चूक पदरात घातली गेली होती.

तिला घरी सोडून मी तडक ऑफिस गाठलं. फायलींच्या तारखा बघितल्या असत्या तर पाच मिनिटांत निकाल लागला असता, पण मध्यंतरी सगळा माल नव्या डिस्कवर हलवला होता आणि हलवताना सगळ्यांच्या तारखा एकच झाल्या होत्या. मीच हलवला होता. त्या वर्षी मी फारच कार्यक्षम होते. प्रोग्रामच्या जुन्या नोंदीही मीच साफ केल्या होत्या. आता एकच मार्ग होता. दुर्बिणीच्या केंद्राकडे अगदी कच्चे, हात न लावलेले फोटो कायम जपलेले असतात. ते सगळे, चारशे बारा, परत मागवायचे आणि पहिल्यापासून पुसायचे. मी मागणी पाठवली आणि घरी आले. आईने दोनदा विचारलं, मी दोनदा तिच्यावर खेकसले.

गुरुवारी सकाळी फोटो येऊन पडले होते. दहा वाजता मी पुसण्याचं काम सुरू केलं. यंत्राला पाच तास लागणार. तीनच्या सुमाराला कळणार होतं.

आता खरं सांगायचं तर या पाच तासांत मी फार शहाणपणाचा विचार केला. विचार असा, की कुणाला काही सांगायचंच नाही. ठिपका उरला तर प्रश्नच मिटला; कशाला उगाच सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवायचं? आणि नाही उरला तर... त्या 'तर'पाशी माझं घोडं पेंड खात होतं. नाही उरला तर उद्याचं व्याख्यान रद्द. सरांची तीस वर्षं पाण्यात. आणि मुंगी! त्या पोरीच्या प्रबंधातली चार प्रकरणं माझ्या एका ठिपक्यावर उभी होती. शिष्यवृत्तीची मुदत पाच महिन्यांत संपणार. मी तिच्यासमोर कुठल्या तोंडाने जाणार होते?

साडेअकराला तीच आली. हातात उद्याच्या व्याख्यानाची पानं. डोळ्यांखाली काळं.

"ताई, यातल्या आकृत्या एकदा बघता? आणि..." ती पानं सरळ करत राहिली. "सोमवारचं सॉरी. मी तुमच्या कामावर शंका घ्यायला नको होती. सात महिने झाले, माझंच काही जुळत नाहीये म्हणून मी सगळीकडे चुका शोधत फिरते. तुमचं बरोबर होतं."

रागाने कुणी काही बोललं असतं तर मी सहज निभावलं असतं. ते मला येतं. पण ही माझी माफी मागत होती.

"बस," मी म्हटलं. "दार लाव आणि बस."

मग मी तिला सगळं सांगितलं. आई, पडदा, फोन, एकच ठिपका. सारवासारव न करता, एका दमात. सांगताना तिच्याकडे बघवेना, म्हणून यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत सांगितलं. एकशे तीस फोटो झाले होते.

मुंगी अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तो नसूही शकतो?"

"नसूही शकतो."

"अजिबात?"

"अजिबात. मुंगी, मला..."

"सरांना माहितीये?"

नव्हतं. आम्ही दोघी सरांच्या खोलीत गेलो. तेच सगळं मी दुसऱ्यांदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. सर कधी ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि पुष्कळ वेळ नुसते त्या चष्म्याकडे बघत बसले.

"किती वाजता कळेल?"

"तीनपर्यंत."

"मग तीनपर्यंत उद्याचं काही रद्द करायला नको," ते म्हणाले. "चला, तुझ्या खोलीत बसू."

मी आयुष्यात पुष्कळ वाट बघितली आहे. ढग जाण्याची, निकालाची, हॉस्पिटलच्या बाकावर. पण त्या तीन तासांसारखी नाही. सर खिडकीपाशी उभे राहिले. मुंगी कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर जुनी निळी वही घेऊन. मी चहा आणला, तो तिघांचाही तसाच गार झाला. मध्येच सर म्हणाले, "फट तरी राहील ना?" मी म्हटलं, "सर, फट मी नाही पाडलेली." ते हसले की काय ते कळलं नाही. मला वाटत होतं, जमिनीने पोटात घ्यावं. सगळ्यात वाईट म्हणजे, मी मनातल्या मनात त्या ठिपक्याची विनवणी करत होते. राहा रे बाबा, खरा हो.

तीन वाजून दहा मिनिटांनी यंत्राने शेवटचा फोटो गिळला. मी चित्र उघडलं.

मधोमध पुसलेल्या ताऱ्याची काळी चकती. भोवती तबकडीचा फिकट उजेड. त्यात ती फट, अरुंद, नीटनेटकी, जशीच्या तशी. मी चार वाजतात तिथे बघितलं. मग उजेड वाढवून बघितलं. मग कमी करून. मग खुर्ची मागे सरकवली, म्हणजे बाकीच्या दोघांनाही नीट दिसेल.

फट रिकामी होती. डागसुद्धा नव्हता.

"माझाच होता," मी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता. "टाकून पाहिलेला, पुसायचा राहिलेला. स्वच्छ फोल्डरमध्ये. सर, चूक सगळी माझी. उद्या मी स्वतः..."

"थांब," सर म्हणाले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते मुंगीकडे बघत होते.

मुंगी टेबलावर डोकं टेकून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. पोरीला मी पार मोडलं, एवढंच मनात आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तेवढ्यात तिने मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. खदखदून, नाक ओढत, लहान मुलासारखी.

"नाहीये!" ती म्हणाली. "ताई, तो नाहीये! सर, नाहीये तो!"

"मुंगी, पाणी पी आधी," मी म्हटलं. मला वाटलं, धक्का बसला.

"मला धक्काबिक्का काही बसलेला नाही." तिने ती निळी वही उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. पहिल्या वर्षाची वही. तिच्या त्या मुंग्यांच्या रांगा. "हे बघा. ठिपका सापडायच्या आधीचं. फट एवढी अरुंद आहे ना? ग्रह जेवढा जड तेवढी फट रुंद होते. मी काढलं होतं, ही फट पाडणारा ग्रह फार तर नेपच्यूनएवढा. एवढा बारका, की आपल्या फोटोत दिसणारच नाही. आणि मग तुमचा ठिपका आला. उजेडावरून गुरूच्या आठपट! एवढा धटिंगण तिथे असता तर त्याने अर्धी तबकडी फाडून ठेवली असती."

"मग बोलली का नाहीस?" सर म्हणाले.

"बोलले होते, सर. तुम्ही म्हणालात, ग्रह समोर दिसतोय, गणित त्याच्याशी जुळवून घे." हे ती मुळीच आरोप करावा तशी म्हणाली नाही. "म्हणून जुळवत बसले. तबकडीतला वायू मधासारखा चिकट धरला, म्हणजे जड ग्रहालाही फार रुंद फट पाडता येणार नाही. पण मग तेवढ्या चिकट वायूत धूळ इतकी ढवळून निघते की फटच पुसट व्हायला हवी. आणि ही तर चाकूने कापल्यासारखी. एक जुळलं की दुसरं बिघडायचं. सात महिने, सर. मला वाटलं, मला यातलं काही येतच नाही. चुकून इथे घेतलंय मला. पुढच्या आठवड्यात मी तुम्हाला सांगणार होते की मी सोडतेय."

मग ती परत पडद्याकडे वळली आणि अगदी समाधानाने म्हणाली, "किती छान रिकामी आहे!"

माझा जीव भांड्यात पडला. तो असा पडला की मलाच त्याचा आवाज ऐकू आला असेल. दोन दिवस मी या पोरीचं वाटोळं केल्याच्या भीतीने अन्न गिळत नव्हते, आणि वाटोळं मी खरोखरच केलं होतं, पण वर्षभरापूर्वी. आज ते निस्तरत होते. मला रडू आलं. माझ्यासारख्या बाईला ते शोभत नाही, पण आलं.

"मुंगी," मी म्हटलं, "सोमवारी मी तुला म्हणाले की माझ्याकडून अशा चुका होत नाहीत."

"हो."

"होतात."

"बरं," ती म्हणाली आणि मला तिचा रुमाल दिला. तो तिने आधीच पुरेसा ओला केलेला होता.

सर मात्र अजून उभेच होते. मी त्यांच्याकडे बघायला घाबरत होते. या सगळ्यात हरवलं होतं ते त्यांचंच. ते पडद्याजवळ आले, वाकले आणि त्या रिकाम्या जागेकडे फार जवळून बघत राहिले. वर्षभर त्यांनी तिथे एक जग फिरताना बघितलं होतं.

"वाईट वाटतंय," ते म्हणाले. "नाही म्हणणार नाही." मग कंबरेवर हात देऊन सरळ झाले. "पण उद्या मी चारशे लोकांसमोर उभा राहून ताईच्या हस्तकौशल्याची घोषणा केली असती, आणि दीड वर्षाने दुसऱ्या कुणीतरी दाखवून दिलं असतं. तोंडावर पडलो असतो, तेही निवृत्त झाल्यावर, उठून बसायला ऑफिससुद्धा नसताना. त्यापेक्षा हे बरं. फार बरं. मुंगी, हा फोटो रिकामा आहे याचा अर्थ काय होतो?"

"अमुक एका उजेडाच्या वर तिथे काही नाही, एवढं नक्की सांगता येतं. म्हणजे ग्रह असला तर बारकाच. माझं पहिल्या वर्षाचं गणित सांगतं तसा."

"मग उद्या ते तू सांग."

"मी?"

"मग कोण? मला त्यातलं येत नाही. मी फार तर पाकिटाची गोष्ट सांगेन. ताई, तुझी हरकत नाही ना?"

हरकत असून सांगते कुणाला! शिवाय गंमत अशी की मला खरोखरच हरकत नव्हती. लोकांनी हसावं, खापर माझ्या डोक्यावर फोडावं, पुढची दहा वर्षं चिडवावं. आकाशात नसलेला ग्रह आकाशात नाही असं आम्ही वेळेत म्हणालो होतो. त्यापुढे हे काहीच नव्हतं. सरांनी तिथल्या तिथे नवा नियमही काढला: यापुढे खोटे ठिपके दोघांनी मिळून टाकायचे आणि त्या वेळी फोन बाहेर ठेवायचा. "आणि कुणाची आई पडली तर?" मी विचारलं. "तर ठिपका टाकायचा नाही. उठून घरी जायचं," सर म्हणाले.

त्यानंतर मुंगी म्हणाली की तिला भूक लागली आहे. साडेतीन वाजले होते. तिचा डबा तिने बसल्या बसल्या संपवला, मग माझ्या डब्याकडे बघू लागली. मी तोही तिच्यापुढे सरकवला. निळी वही डाव्या हाताला उघडी, उजव्या हाताने जेवण, आणि मधूनच पडद्यावरच्या फटीकडे मायेने बघणं. सर तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि विचारू लागले, "हा इथला दोन कुठून आला?" तोंडात घास असतानाच ती त्यांना समजावू लागली. मी नुसती बघत बसले.

घरी आले तेव्हा आई पडदा बरोबर लागलाय की नाही ते खालूनच तपासत होती. वर्षभर ती तेच करते आहे. तिने माझ्या हातातला डबा घेतला, हलवून बघितला.

"रिकामा? तू तर दोन दिवस जेवत नव्हतीस."

"मी नाही, मुंगीने खाल्ला."

मग मी तिला सगळं सांगितलं. एका दिवसात तिसऱ्यांदा. पण या वेळी ते इतकं हलकं झालं होतं की मीच मध्ये मध्ये हसत होते. आईने नीट ऐकून घेतलं. एकच ठिपका आपल्या फोनच्या वेळचा आहे हे कळल्यावर तिचा चेहरा जरा पडला.

"म्हणजे माझ्यामुळे झालं हे?"

"नाही गं. उलट तुझ्यामुळे सापडलं. तू ते पन्नास वेळा बोलून दाखवलं नसतंस तर मला कधी आठवलंच नसतं."

"मी पुढेही बोलणार आहे."

"बोल."

ती डबा घासायला घेऊन गेली. तिच्या मनगटाकडे माझं लक्ष गेलं. चांगलं वळत होतं. मी तिच्या हातातून डबा घेतला, नळ सोडला आणि पाण्याकडे बघत म्हटलं,

"आई, सातवीतली ती सही मी केली होती."

नळाचं पाणी वाहत राहिलं.

"गणितात किती होते?"

"शंभरात एकोणीस."

"एवढेच ना!" आई म्हणाली, आणि चाळीस वर्षांनी का होईना, तिने सुटकेचा श्वास सोडला. "मला वाटायचं, त्या पुस्तकात बाईंनी काहीतरी भयंकर लिहिलं असेल, जे तू मला कधीच दाखवू शकली नाहीस."